मामाचा मुद्दा

अमरावती, ५ जुलै २०२४

ती. खुशालभाऊंस सत्यभामेचा सा. न. वि. वि.

फोनवर तुमचं बोलणं होते, माझं सांगणं राहून जाते, म्हणून पत्र. जीवनच्या मानेत अन् काखेत गाठी आल्या आहेत. ताप हटत नाही, अंथरूण घामानं भिजते. तरी पोरगा फुलं घेऊन बाजारात जातेच. मोनाली नवऱ्याले चिडवते की झेंडू तुमच्यापेक्षा ताजा दिसते. रक्तात भलत्याच पेशी निघाल्या. डॉक्टरांना लिम्फोमाचा, म्हणजे गाठींच्या कॅन्सरचा संशय आहे, तोही झपाट्यानं वाढणारा. गाठीचा तुकडा काढून लगेच तपासू म्हणतात. जीवन म्हणते, मामाले इचारल्याशिवाय सुरी लावू देणार नाही. आपली रीतच ती; सोयरीक असो की विहीर, आधी तुमचा शब्द. लवकर कळवा.

बहिणीवर माया राहू द्या.

सत्यभामा

अकोला, ८ जुलै

चि. सत्यभामेस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं रडकं पत्र मिळताच ग्रंथ काढून बसलो. गाठींचा कॅन्सर गाठीत राहतो, रक्ताचा रक्तात. मग तुझा डॉक्टर रक्तात पेशी दाखवतो आणि सुरी गाठीवर कशी चालवतो? देवऋषी अंगारा देतो, हा रिपोर्ट देतो. प्रश्न विचारलेला दोघांनाही खपत नाही. पुराव्याशिवाय मान तुकवू नका, हे मी जन्मभर गावोगाव ओरडून सांगितलं. माझा भाचा तुकवणार नाही. पावसाळी ताप उतरू दे, महिन्याभरानं रक्त पुन्हा तपासा. हे पत्र त्याला मोठ्यानं वाचून दाखव. म्हणावं, झेंडूला लाजव आणि मग अकोल्यास ये.

घरातल्या साऱ्यांना मायेचा हात.

खुशालराव

अमरावती, १९ ऑगस्ट

ती. भाऊंस सा. न.

जीवन भर बाजारात कोसळला, तेव्हा तुकडा काढला. लिम्फोमाच आहे. डॉक्टर म्हणाले, हा सहसा असा रक्तात उतरत नाही, पण क्वचित उतरते, अन् उतरला की थांबायले वेळ नसते. अजूनही औषध लागू पडू शकते, पण सलाईन आज-उद्याच लावायले पाहिजे.

अन् तो घेऊन नाही राहिला, भाऊ. म्हणते, मामानं सिद्ध केलं, गाठीतलं रक्तात जात नाही, म्हणून हे रिपोर्टच खोटे. डॉक्टरांना तुमच्याच आवाजात दटावते. मी पाया पडली. मोनालीनं पोटातल्या लेकराची शपथ घातली. तर विचारते, तुम्हाले मामापेक्षा जास्त समजते काय?

या. भाषण नको. खाटेशी बसून, मी चुकलो, एवढंच म्हणा. तो दुसऱ्या कोणाचं ऐकत नाही.

वाटेकडे डोळे लावलेली,
सत्यभामा

अकोला, २१ ऑगस्ट

चि. सत्यभामेस आशीर्वाद.

परतवाड्याला व्याख्यानं आहेत, शब्द दिला आहे, येणं अशक्य. जीवनला वाचून दाखव: बाळ, औषध घे. आईच्या समाधानासाठी घे. मी मांडलेला नियम खोटा नाही. एखाद्या अपवादानं नियम मोडत नसतो.

सत्यभामे, चुकलो म्हणा, असं मला लिहिताना तुझा हात अडखळला नाही? असो. राग धरू नये.

खुशालराव

अमरावती, ३० ऑगस्ट

खुशालभाऊंस,

मोनालीनं पत्र वाचलं. औषध घे, इथपर्यंत आली तेव्हा जीवननं हात पुढे केला होता. नर्स सुई घेऊन उभीच होती. मग नियम खोटा नाही, ते वाक्य आलं. त्यानं हात पांघरुणात ओढून घेतला अन् हसला. म्हणे, पाहा, मामा अजूनही तेच म्हणते. औषधाचं तर आईचं मन राखाले लिवलं. मोनालीनं ते वाक्य गाळायला पाहिजे होतं. तिले नाही सुचलं.

जीवन परवा गेला.

बाजारातल्या फूलवाल्यांनी तेराव्याला शोकसभा ठेवली आहे. वक्ता कोण, हे विचारायला आले, तर मी तुमचं नाव दिलं. सभेला तुम्ही आजवर नाही म्हटलं नाही. माझा पोरगा काहून मेला, ते लोकांना सांगा. माईक चांगला लावायले सांगितला आहे. मी पहिल्या रांगेत बसून राहीन.

सत्यभामा