निवडीचा खिळा

गुरुवार, १२ नोव्हेंबर

चिमणे,

आशीर्वाद. रागावली असलीस तरी घे, एकदा दिलेले आशीर्वाद परत करता येत नाहीत. भावोजींचा खोकला गेला का? तुझ्या भावाच्या घरी तुम्हा दोघांना नीट जागा आहे ना? इकडे सगळे बरे. ह्यांनी चष्मा पुन्हा हरवला आणि तो पुन्हा कपाळावरच सापडला.

लॉन्ड्रीतही ठीक चाललंय. हॉस्पिटलच्या चादरी येतात, जातात. नवा बॉयलर बसवला. तो जुन्यासारखा शिट्ट्या मारत नाही, त्यामुळे इस्त्रीवरच्या काकांचं गाणं आता स्पष्ट ऐकू येतं. आमचं नशीब!

आणि हो, या आठवड्यात मी खाली निवडीच्या खोलीत आहे.

थांबलीस ना वाचताना? मीही इथे बराच वेळ थांबले होते. मघापासून चष्मा आणि बॉयलर चाललाय तो उगाच नाही.

मालक लॉन्ड्री बंद करून गेला आणि आपण सगळ्यांनी मिळून ती चालवायला घेतली, तो पहिला दिवस आठवतो? उलट्या टबावर उभी राहून मीच म्हणाले होते, निवडीची खोली कायमची कुणाच्याच नशिबी नको. मालकाच्या काळात मावशींनी बावीस वर्षं तिथे रक्ताच्या, उलटीच्या चादरी वेगळ्या केल्या होत्या. म्हणून आपण फळीवर पाच कामांचे पाच खिळे ठोकले. निवड, धुलाई, इस्त्री, घडी, पोच. प्रत्येकाने पत्र्याच्या चकतीवर आपली खूण कोरली. तू चिमणी कोरलीस, मी कात्री. दर सोमवारी ज्याने त्याने आपली चकती एक खिळा पुढे सरकवायची, पोचनंतर पुन्हा निवड, आणि दुसऱ्याच्या चकतीला हात लावायचा नाही.

टाळ्या मला पडल्या. अध्यक्षही मीच झाले.

पहिल्यांदा निवडीचा खिळा चुकवला तेव्हा पाठ दुखत होती हे खरं आहे. पण ती दोन आठवड्यांत थांबली आणि मी मात्र दीड वर्ष तो खिळा चुकवत राहिले. किल्ली माझ्याकडे, सकाळी सगळ्यांच्या आधी मीच यायचे. पोचवरची चकती उचलायची आणि निवड ओलांडून थेट धुलाईवर टांगायची. अध्यक्षाला फोन घ्यावे लागतात, असं मनाला बजावायचे. फोन दिवसाला दोन यायचे, त्यातला एक चुकून लागलेला.

तू सभेत सरळ विचारलंस, "जाऊबाई, तुमची चकती खाली का येत नाही?" मी काय म्हणाले ते तुला पाठ असेल. मलाही आहे. "घरातलं भांडण इथे आणू नकोस." घरात आपलं भांडण होतं तरी कुठे गं? इतकी वर्षं एका ओट्याशी वावरलो, कुणी भांडंसुद्धा आदळलं नाही. पण मी तेवढं म्हटलं आणि तुझ्या प्रश्नाची जावाजावांची कुरबुर झाली. सगळ्यांनी माना खाली घातल्या. दुसऱ्या दिवसापासून तू आली नाहीस, आणि महिन्याभरात घरही सोडलंस. मी लोकांना सांगितलं, हट्टी आहे ती. चिमणे, मी खोटं बोलले, आणि थोरलेपणाच्या जोरावर बोलले.

या सोमवारी एक नवी बाई कामाला लागली. मी तिला मोठ्या ऐटीत फळी समजावत होते. त्या गडबडीत माझी चकती अजून पोचवरच होती. ती म्हणाली, "छान आहे की! मग आजपासून तुम्ही खाली निवडीला ना?" बिचारीने फळी वाचली, बस्स. चहाच्या वेळी मी सगळ्यांना बसवलं आणि होतं नव्हतं ते सांगून टाकलं. आता किल्ली काढून घेतील, वाटेल ते बोलतील, असं वाटलं होतं.

काका चहा ढवळत म्हणाले, "आम्हाला ठाऊक होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही हे सगळं उभं केलंत. तुम्हाला कसं बोलायचं?"

तेव्हा मावशी म्हणाल्या, "मालकालासुद्धा आपण असंच सोडून द्यायचो."

त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

आता अध्यक्षपण आणि किल्लीही पाळीने फिरणार, असं ठरलंय. लगेच मावशींनी मला खाली नेलं. "चादर चारी कोपरे धरून उघडायची. झटकायची नाही, आत सुई असते," असं पहिल्यापासून शिकवलं. वास होता तसाच आहे. दुसऱ्याच चादरीला मला उमासा आला. मावशी हसल्या, मग मीही हसले. नाकाला फडकं बांधून हसणं सोपं नाही गं! पण इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. फळीसमोर उभी राहिले की आता मागे वळून बघावं लागत नाही.

हे पत्र मी सगळ्यांना वाचून दाखवलं आहे. तुला चारचौघांत खोटं पाडलं, तेव्हा तू खरी होतीस हेही चारचौघांतच म्हणायला हवं. काकांनी गाण्याच्या वाक्याला हरकत घेतली, पण मी ते ठेवलं.

'ये' म्हणायचा मला हक्क नाही, थोरली म्हणून तर मुळीच नाही. एवढंच कळवते की तुझी चिमणी तू सोडलीस तिथेच, निवडीच्या खिळ्यावर आहे. सात महिन्यांत कुणी तिला हात लावला नाही. या आठवड्यात तिच्या शेजारी माझी कात्री आहे. सोमवारी मी माझी पुढे सरकवेन. तुझी तुलाच सरकवावी लागेल.

खाली 'तुझी थोरली जाऊ' लिहिणार होते. पण ते नातं घरी असू दे.

तुझ्याच खिळ्यावरची,
कात्री