पंधरा पावलांवरून

१२ सप्टेंबर

चि. छोट्यास,

आशीर्वाद आहेतच, पण आज ते दातओठ खाऊन देते आहे.

तुझ्या कारखान्यातल्या नव्या नंबरप्लेटा लावून मी काल तपासणी केंद्रावर गेले. गाडी परदेशी न्यायची तर रंगवलेली जुनी पाटी चालत नाही, ठसठशीत आकड्यांची नियमातलीच हवी, हे मला तूच पढवलंस. तपासनिसाने नोंदणीचं पुस्तक उघडलं, पाटीकडे पाहिलं आणि मला खाली उतरायला सांगितलं. पुस्तकात ३८०६, पाटीवर ३३०६. पुढेही आणि मागेही! मग दोन तास लाकडी बाकावर. गाडी तुमचीच का, चोरीची नाही ना, खरी पाटी कुठे टाकलीत. बासष्टाव्या वर्षी हे ऐकून घेतलं ते तुझ्या कृपेने. गाडी त्यांनी ठेवून घेतली आहे.

परदेशात लेकीचे दिवस ऑक्टोबरअखेर भरतात. जावई बोटीवर. घरापासून इस्पितळ चाळीस किलोमीटर, आणि टॅक्सी बोलावली तर तासाने उगवते. तिला नेणारी मी एकटी. त्यासाठी परदेशात गाडी चालवायचा परवाना काढला. तिकडची वाहतूक उलट्या बाजूची, म्हणून महिनाभर रोज सकाळी रिकाम्या मैदानात सराव करते आहे. आणि तुला एक आकडा धड उठवता येत नाही? बाबांच्या माघारी कारखाना तुझ्या हाती देऊ नका असं मी म्हणाले होते, ते उगाच नव्हे.

नव्या पाट्या आठ दिवसांत पाठव. माया आटलेली नाही, पण तिचा अंत पाहू नकोस.

तुझी ताई

१८ सप्टेंबर

ती. ताईस,

नमस्कार वाकूनच करतो, पुढचं मात्र ताठ मानेने लिहितो.

साचा लावताना आकडा चुकला तो माझ्याच हातून. मान्य. त्याची शिक्षाही झाली. तपासनीस इथे येऊन यंत्राला सील ठोकून गेला. पंधरा दिवस काम बंद, आणि गिऱ्हाइकांची बोलणी माझी बायको खाते आहे. कारखान्याबद्दल जे बोललीस ते मात्र मी गिळणार नाही.

आपल्याकडून पाटी बाहेर कशी जाते? पाटी मागच्या भिंतीवर, गिऱ्हाईक दाराशी, पंधरा पावलांवर. त्याने आकडे मोठ्याने वाचायचे, मगच वहीत सही. हा नियम माझा नाही, बाबांचाही नाही. कॉलेज संपवून आल्याआल्या तूच तो घालून दिलास, आणि पाळला नाही म्हणून मला दोनदा कानाखाली वाजवलीस. या पाट्या न्यायला आलीस त्या दिवशी तू पर्स काखेत धरून दाराशी उभी राहिलीस आणि खणखणीत आवाजात म्हणालीस, तीन आठ शून्य सहा. भिंतीवर तीन तीन होतं, ताई. सही तुझी आहे.

तपासनिसाने ती पाहिली आणि एवढंच विचारलं, की बाईंना नीट दिसतं ना? मी त्याच्यावर खेकसलो. तो गेल्यावर आठवलं, की मे महिन्यात औषधाच्या बाटलीवरचं तू माझ्या बायकोकडून वाचून घेतलंस, आणि अक्षरं बारीक छापतात म्हणून वर तिलाच झापलंस.

अनोळखी गाड्यांचे नंबर वाचून बघ. तुला पाठ नसलेले. तोवर यंत्र सुटलं तरी तुझ्या पाट्या मी करणार नाही. राग आला तर येऊ दे.

जीव आहे तुझ्यावर, म्हणून एवढं तोंड चालवलं.

छोट्या

२७ सप्टेंबर

चि. छोट्यास,

आशीर्वाद.

तुझं पत्र फाडलं. मग तुकडे जुळवून पुन्हा वाचलं, तर आणखीच संताप आला. ज्याला मी पाढे शिकवले त्याने मला परीक्षेला बसवावं!

दुसऱ्या दिवशी स्टेशनबाहेरच्या गाडीतळावर गेले. भर दुपारी, लख्ख उजेडात. पंधरा पावलांवरून वीस नंबर वाचून कागदावर उतरवले, मग एकेका गाडीजवळ जाऊन ताडून पाहिले. सहा बरोबर. पहारेकऱ्याला मी चोरच वाटले, तेही तुझ्यामुळे. डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, डावा चांगलाच वाढलेला. वर्षभरापूर्वीच का आला नाहीत असं ते विचारणार होते. मी विचारू दिलं नाही.

दोन्ही शस्त्रक्रिया लेकीच्या बाळंतपणाआधी होणं शक्य नाही. परदेशचा परवाना मी परत करून आले. तुझी बायको कारखान्याचा टेम्पो चालवते, तुझ्यापेक्षा बरा. तिचा तसाच परवाना उद्याच काढायला टाक आणि सकाळी मैदानात सरावाला पाठव. यंत्र सुटलं की पाट्या करून गाडी सोडवून आण. गाडी ती चालवेल. मी शेजारी बसेन, आणि तोंड बंद ठेवीन असं वचन मुळीच देणार नाही.

पण मे महिन्यात हे तुम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत घडलं आणि कुणी ब्र काढला नाही. माझ्या धाकाने? तो धाक मी चुका पकडायला घातला होता, माझ्या झाकायला नव्हे. हे मी विसरणार नाही.

लेकीला काल फोनवर सगळं सांगितलं. ती रडली नाही, चिडलीही नाही. तिने एवढंच विचारलं, की जूनमध्ये तिला पाचवा महिना असताना, धो धो पावसात घाटातून मी तिला सरहद्दीवरच्या बसपर्यंत सोडायला गेले होते, तेव्हा मला किती दिसत होतं. मी म्हणाले, तुझा आवाज नीट येत नाही, आणि फोन ठेवला.

अजून उलट लावलेला नाही.

रागावलेली आहे आणि राहणार आहे. तरी येत जा.

ताई