पतंगाच्या पंखाला दोन कडा

४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र लिहायचं रोज ठरवतो आणि रोज टाळतो. काल कागद पुढ्यात घेतला, तर खिडकीत माशी मरून पडलेली. तिचा पाय सूक्ष्मदर्शकाखाली घालून बसलो. काय केस असतात गं त्याला. असो, विषय तो नाही.

संग्रहालयातल्या बाईंनी माझे पतंगाच्या पंखांचे फोटो भिंतीवर लावायचं कबूल केलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला खुर्ची देऊन बसवलं. सोमवारी त्यांनी बोलावून खिडकीचा एक पडदा समोर टाकला. विकतचा. त्यावर तोच पंख. म्हणाल्या, तुम्ही हे इथून उचललंत.

तुला माहीतच आहे, फोटो काढताना मी संगणकावर क्लिक न करता सूक्ष्मदर्शकाचंच बटण दाबतो. मग तो हलतो आणि पंखाला दोन कडा येतात. त्यावरून तू किती बोलली आहेस. पडद्यावरही दोन कडा आहेत. दुकानदार म्हणतो, नवी फॅशन आहे.

कापड छापतात भाऊजी. फोटो तुझ्याशिवाय कुणाकडे नाहीत. तुला पाठवले की माझ्याकडचे पुसत आलो, भटक्याचं सामान हलकं बरं म्हणून. भाऊजींनी असं करावं? मूळ फाइली पाठव, त्यात तारखा असतात. नाहीतर मी चोर ठरतो.

लोभ आहे तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा भिंगरी

११ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

वेळेवर जेवतोस ना? यांचा काही दोष नाही, आणि यांना तू काही लिहूही नकोस. छपाईला नवी नक्षी हवी होती, मी दिली. तुझं काय, बासरी झाली, सायकल झाली, आता पतंग. हेही विसरशील असं वाटलं. घरातलं घरात राहिलं, बिघडलं कुठे? फाइली मात्र मिळायच्या नाहीत, जुना संगणक मोडीत गेला. बाईंना सांग, चूक झाली, आणि विषय मिटव. तुझ्या भल्याचंच सांगते.

माझी माया आहे तशीच आहे, शंका धरू नकोस.
तुझी ताई

१७ मार्च

ताईस,
नमस्कार.

या वेळी उशीर केला नाही. 'चूक झाली' म्हणायचं म्हणजे चोरी मी केली, हे माझ्याच तोंडानं सांगायचं. पहिलं पत्र लिहिताना मी भाऊजींना मनात काय काय बोललो. तुझ्यावर संशयसुद्धा आला नाही. केसानं गळा कापतात म्हणे. इतके केस मोठे करून पाहिले, तुझा तेवढा दिसला नाही.

इथवर लिहिलं आणि दार वाजलं. भाऊजी आलेत. माझं पत्र त्यांच्या हाती लागलं. जुना संगणक माळ्यावर शाबूत आहे म्हणतात; त्यातल्या सगळ्या फाइली डिस्कवर घेऊन आलेत. बसायच्या आधी एवढंच विचारलं, हे फोटो खरंच तू काढलेस? ती तर म्हणाली होती, मीच काढले.

मी पतंगाचा पंख भिंगाखाली ठेवला. सूक्ष्मदर्शक पुढे सरकवला. त्यांनी बटण दाबलं, संगणकावर पंखाच्या दोन कडा पाहिल्या आणि चष्मा काढून पुसत बसलेत.

त्यांना चहा टाकतो. हे पत्र तेच घेऊन येतील.

भिंगरी