खटका खाली होता

प्रिय लूइस,

रविवारी तू जेवायला आला नाहीस. आग्नेसने तुझ्या वाटचे गोळे सूपमध्ये तसेच राखून ठेवले आणि शेवटी स्वतःच फस्त केले. वर म्हणते कशी, "मामा म्हातारा झाला, भूक मेली त्याची." पोरगी अगदी बापासारखी, गीडीसारखी बोलते. इकडे परवापासून बर्फ थांबलेला नाही. गोठ्याचं छप्पर दोनदा मोकळं करून झालं. तुझ्या बचाव पथकातली पोरं न बोलावता आली आणि लाकडं फोडून गेली. मी श्नाप्स पुढे केली तर तुझ्या धाकाने एकानेही घोट घेतला नाही. भलताच दरारा आहे बाबा तुझा.

गीडी जाऊन हा तिसरा हिवाळा. वरच्या घळीत त्याच्या पायातली एक स्की निसटली होती, आठवतं तुला? बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या बाइंडिंगचा काही दोष नव्हता. पुढच्या चिमट्याखाली बर्फ घट्ट बसला होता, तो खरवडून काढायचा त्याने कंटाळा केला, आणि बूट नीट अडकलाच नाही. पण तेव्हापासून त्याने हट्टच धरला. चढताना पाय सुटू नये म्हणून पुढचा खटका वर ओढून कुलूप लावायचं, आणि माथ्यावर पोचलं की तो खाली करायचा, म्हणजे पडलो तर स्की सुटून जाते, हे आग्नेसला त्यानेच शिकवलं होतं. स्वतः मात्र उतरतानाही कुलूप लावायचा. मी भांडले की म्हणायचा, "बुर्गी, खटका खाली करून शहरातले पाहुणे उतरतात. मी पडतो का कधी?" मी म्हणायचे, पडशील तेव्हा पायातल्या स्की तुला बर्फाखाली ओढून नेतील. "तुझ्या तोंडात साखर," म्हणून हसायचा. फार चिडायचे मी, लूइस. अजूनही चिडते, आणि मग रडू येतं.

बर्फाचा कडा त्याच्यावर कोसळला तेव्हा मी धावत गवताच्या कोठारापर्यंत आले होते. तुम्ही त्याला खणून काढलंत. दोन्ही स्की पायातच होत्या. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. तू माझ्याकडे पाठ करून त्याच्या पायांशी गुडघ्यावर बसलास, आणि मला टक असा आवाज ऐकू आला. मग दुसऱ्या पायाशी पुन्हा तसाच. बूट मात्र सुटले नाहीत, स्की होत्या तिथेच राहिल्या. पोलीस कॅमेरा घेऊन आले तेव्हा तू त्यांना म्हणालास, "खटका खाली होता. स्की सुटायला हवी होती, नाही सुटली. नशीब." चर्चमध्ये लोक माझा हात धरून सांगत होते, गीडीची काही चूक नव्हती. आपल्या खोऱ्यात खटका खाली केल्याचा तो आवाज न ओळखणारं कोण आहे? पण तू ते माझ्यासाठी केलंस, हे मला कळत होतं. तेवढ्या आधारावर मी दिवस काढले, आणि तुझा एकदाही राग केला नाही.

आज करतेय. शनिवारी आग्नेस उत्तरेच्या घळीतून उतरणार आहे, तीही कुलूप लावून. काल स्कींना मेण घासता घासता मला सहज सांगितलं, "बाबांचा खटका खालीच होता ना? काय उपयोग झाला? पडल्यावर सुटणारच नसेल, तर निदान वळताना तरी पायात राहू दे." मी तिला सगळं सांगितलं. तो आवाजही सांगितला. तर माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "आई, तुला भास झाला असेल. मामाने स्वतः पाहिलंय, आणि मामा खोटं बोलत नाही." लूइस, शनिवारच्या आत ये. तिच्यासमोर बस आणि तिला सांग की तू खोटं बोललास.

तुझीच बहीण,
बुर्गी