आखूड पडलेली ओळ

२१ जानेवारी १९६२, रविवार. दिग्रस

बाबांचं पत्रक लिहून झालं. स्टेन्सिलवर, लोखंडी लेखणीने, तीन तास. अक्षर चांगलं उतरलं. पहिली ओळ आखूड पडत होती, ती बसवली. समास आता दोन्हीकडे सारखा.

पत्रक वामनरावांसाठी. ते विधानसभेला उभे आहेत, बाबांचे शाळेपासूनचे मित्र. बाबा नगरपालिकेत आमच्या वॉर्डाचे मेंबर, म्हणून त्यांच्या पाठिंब्याचं पत्रक छापून वाटायचं. ‘तू लिहिलं हे कुठे बोलू नको,’ दोनदा बजावून सभेला गेले. सरकारी नोकराने निवडणुकीच्या कागदाला हात लावायचा नाही, माहीत आहे. माझी नोकरी जाऊ शकते. तरी लावला. आम्हा दोघांनाही वाईट अक्षर सोसवत नाही!

वामनरावांचा माणूस स्टेन्सिल न्यायला दारात उभा आहे. मलाही चारची गाडी धरायची आहे.

२२ जानेवारी. यवतमाळ

कळंब रस्त्यावरच्या पुलाचा नकाशा. मूळ कागदावर एक माप उघड चुकलेलं. चुकीसकट उतरवलं, बाजूला शेरा लिहिला. आमचे हेड ड्राफ्ट्समन म्हणतात, नकाशा कापडावर उतरवणाऱ्या ट्रेसरने स्वतःची एकही रेघ ओढायची नाही. आणि मूळ कागद टाकायचा नाही, दुमडून जपून ठेवायचा.

दीड वर्षात दोन्ही नियम एकदाही मोडले नाहीत.

२५ जानेवारी

काही नाही. थंडी. शाई दाट झाली आहे.

२८ जानेवारी, रविवार. दिग्रस

सकाळी सुखीबाई आली. गावाबाहेरच्या तांड्यावर राहते, जिनिंगमध्ये कापसातला कचरा वेचते. आई गेल्यावर माझी वेणी घातली ती तिनेच. मी तिला अजून याडी म्हणते — त्यांच्या बोलीत आई. एरवी येते ती थेट ओट्यावर पाय दुमडून बसते. आज उभी.

‘मेंबरसायेब हायेत काय घरी?’

इतकी वर्षं बाबा तिचे ‘नीळकंठभाऊ’ होते!

तिच्या हातात पत्रक. जिनिंगच्या मुकादमाने, देवीलालने, फाटकाशी सगळ्यांना वाचून दाखवलं म्हणे, हसत हसत. ‘आम्ही श्री. वामनराव यांना पाठिंबा देत आहोत, असं हाय ना? मंग सांगा, आम्ही म्हंजे कोन कोन? मी हाओ काय त्यात?’

बाबांनी पत्रक घेतलं. बराच वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा पत्रकाकडे.

‘आमचा लखीराम उभा हाय, तुमाले मालूम हाय,’ सुखीबाई म्हणाली. ‘तुमचं मत तुमी कोनालेबी द्या ना, मी कोन अडवनारी? पन माहं काहून देऊन टाकलं? मले इचारलं काय?’

‘चूक झाली, बाई,’ बाबा म्हणाले. ‘माझी.’

‘नळाच्या वक्ती पोट्टीले हात मोजाले लावले व्हते. आता काय आमचे हात झडले?’

चहा ठेवला होता. घेतला नाही. जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

२९ जानेवारी. यवतमाळ

गाडीत सबंध वेळ तो नळ आठवत होता.

१९५९. मी सतरा वर्षांची. वॉर्डात एकच नळ मिळणार होता. बाबांच्या मते तो मारुतीच्या पारापाशी हवा. पण त्यांनी स्वतःचं मत सांगितलंच नाही. सगळ्यांना ओट्यावर बोलावलं. मी फरशीवर खडूने वॉर्ड काढला — गल्ल्या, जिनिंगची भिंत, तांड्याकडची पायवाट. बाया वाकून आपलं घर शोधत होत्या. सुखीबाईने बोट ठेवलं. ‘हे माही चूल. थोडी मोठी काढ ना, पाच जनाचं रांधतो!’ केवढं हसले होते सगळे.

हात मोजले मी. पारासाठी चौदा, पायवाटेसाठी एकतीस. दुसऱ्या दिवशी नगरपालिकेत बाबांनी पायवाटेसाठी हात वर केला, स्वतःच्या मनाविरुद्ध. नळ तिथे लागला. बाबा येता-जाता त्याच्याकडे बघून म्हणायचे, ‘जागा चुकीचीच आहे. पण पाणी बरोबर येते.’

ट्रेसिंगचा कोर्स करायचं त्या खडूच्या नकाशावरून ठरलं. नागपूरला असताना त्यांची पत्रं यायची. ‘आम्ही खुशाल आहोत.’ घरात एकटे! पण कायम ‘आम्ही’. मी वसतिगृहात ते वाचायची आणि घर भरलेलं आहे असं वाटायचं.

४ फेब्रुवारी, रविवार. दिग्रस

जेवताना विचारलं. विचारायचं नाही ठरवलं होतं.

‘वॉर्डाला न विचारता पाठिंबा दिला कसा?’

‘नळ त्यांचा होता, म्हणून विचारलं. मत माझं आहे. मेंबर म्हणजे काय तुझं ट्रेसिंगचं कापड, की खालचं जसंच्या तसं वर दिसावं?’

‘मत तुमचं. पण मत देताना पडदा असतो. पाठिंब्याखाली नाव येतं, नावापुढे मेंबर लागतं. ते मेंबर तर वॉर्डाने दिलेलं.’

बाबा ‘हे बरोबर बोलली,’ म्हणाले. मला वाटलं होतं रागावतील.

‘मग निदान “मी” म्हणायचं होतं. “आम्ही” कशाला? ती जुनी सवय घरच्या पत्रात ठीक आहे.’

भात कालवत राहिले. ‘शब्दावर नको जाऊ, बेटा.’

शब्दावर नाही तर कशावर जायचं? एक शब्दच तर चुकला आहे. मी तसं म्हणाले. जरा थंडपणेच. त्यांनी ताक मागितलं.

११ फेब्रुवारी. दिग्रस

ओट्यावर कोणी नाही. पूर्वी रविवारी सकाळी बसायला जागा नसे — कुणाचं गटार, कुणाचा दाखला, कुणाची नुसतीच तंबाखू. बाबा कंदिलाची काच पुसत बसले होते, वीज असताना.

१८ फेब्रुवारी. दिग्रस

देवीलाल रस्त्यावरून ओरडला, ‘राम राम, आम्हीसाहेब!’ बाबांनी हात जोडले.

मी आत गेले. मला त्यांची कीव नाही आली. चीड आली. चूक दुरुस्त का करत नाहीत? एक ओळीचं दुसरं पत्रक काढलं की संपलं. तसं बोलले तर म्हणाले, ‘त्याचं अक्षर कोण काढेल मग?’ आणि उगाच हसले.

२८ फेब्रुवारी. यवतमाळ

निकाल. वामनराव आले, लखीराम पडले. बाबा हार घालायला गेले नाहीत असं कळलं.

११ मार्च, रविवार. दिग्रस

बाबांनी मेंबरकीचा राजीनामा दिला. अजून वर्ष होतं. नक्कल टेबलावर होती, वाचली. ‘मी माझ्या सदस्यत्वाचा राजीनामा देत आहे.’

मी! आणि ‘आहे’! जन्मात पहिल्यांदा त्यांनी स्वतःला ‘मी’ लिहिलं. दोन महिने उशिरा सुचलं. हे तोंडावर बोलले नाही, एवढंच.

२३ मार्च. यवतमाळ

होळीला घरी जाऊन आले. दर होळीला तांड्याच्या बाया लेंगी, म्हणजे त्यांची होळीची गाणी, गात पहिल्यांदा आमच्या ओट्यावर यायच्या, फाग म्हणून पैसे मागायच्या. सुखीबाई बाबांना दम द्यायची, ‘द्या भाऊ, नाहीतर तुमचंच नाव गान्यात घालतो!’ बाबा घाबरल्याचं सोंग करायचे. मी लहानपणी बायांच्या घोळक्यात उभी राहून चुकीचे शब्द गायची, आणि याडी कानात बरोबर शब्द सांगायची.

यंदा गाणं पलीकडच्या गल्लीतूनच वळलं. बाबांनी ओटा सारवून घेतला होता. फाग ताटलीत काढून ठेवली होती, वर रुमाल.

७ एप्रिल, शनिवार. यवतमाळ

ड्रॉइंगची पेटी झाडली. तळाच्या मखमलीखाली घडी घातलेला कागद. मीच ठेवलेला, नियमाप्रमाणे. पत्रकाचा मूळ कागद. बाबांचं अक्षर.

‘मी श्री. वामनराव यांना पाठिंबा देत आहे.’

ओळ दोन अक्षरांनी आखूड पडत होती. मी ती बसवली, त्यांच्या पत्रांतल्या ‘आम्ही’ने. क्रियापदसुद्धा न चुकता बदललं.

त्यांनी ओट्यावर पत्रक बघितलं, मग मला. माझं नाव निघालं तर नोकरी जाईल, एवढंच त्यांनी पाहिलं असणार.

उद्या पहिली गाडी. कागद सोबत घेते आहे. आधी याडीकडे. मग घरी.