सुनिल घरी असतो का

३ मे २०२४, शुक्रवार
महालक्ष्मीचा उपास. बोंबील वाळत घालत होते तेव्हा हवालदार आला. "सुनिल इथंच राहतो का?" म्हटलं, हो, माझा धाकटा दीर. "घरी असतो का?" म्हटलं, असतो की, आत्ता जेवून झोपलाय. लिहून घेतलं, पाणी प्यायला, गेला. निवडणूक आली की अशा चौकश्या होतातच. ह्यांना मात्र गुजरातच्या बोटीवरून पाकिस्तानवाल्यांनी धरून नेलं त्याला सहा महिने होत आले — त्यांची चौकशी करायला कोणी येत नाही.

१९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा
रुचिका पुण्याला एम.ए.ला लागली. विषय आंतरराष्ट्रीय सुरक्षा. शेजारची देवकी बाजारात सगळ्यांदेखत म्हणाली, "सिक्युरिटीचं शिकायला पुणं कशाला गं? बोईसरला कंपनीच्या गेटवर न शिकलेले उभे आहेत." मीपण हसले. पोरगी निघताना काय बोलली ते सांगितलं नाही. म्हणाली, "आई, पप्पांना तिथनं कसं सोडवतात ते सांगणारा आपल्याकडे एक माणूस नाही. मग मीच शिकते."
समुद्राला नारळ दिला. दरवर्षी हे द्यायचे.

२१ फेब्रुवारी २०२५
बोटीवरचे सगळे सुटून आले. हे सोडून!
तलासरीचा नारू ह्यांच्याच बोटीवरचा. घरी दोन दिवसही झाले नाहीत, तर सांगायला आला. केवढा वाळलाय. "दादा बरा आहे, वहिनी. सजा कधीच संपली त्याची. पण तुमच्याकडनं होकार गेला नाही म्हणतात."
कसला होकार? मला कोणी विचारलंच नाही.

१५ मार्च, शनिवार
रुचिका होळीला आलीय. कॉलेजसाठी लिहितेय ते वाचून दाखवलं — धरलेल्या मच्छीमारांवरच आहे. तिकडून नावांची यादी येते. प्रत्येक नावाच्या घरी पोलीस जातो. घरचे म्हणाले, होय, आमचाच माणूस सापडलाय, की आपलं सरकार तसा कागद पाठवतं. घरच्यांनी नाही म्हटलं तर तो माणूस कोणाचाच नाही.
मी तांदूळ निवडत होते. सूप खाली ठेवलं.
हे गेले तेव्हा ह्यांचं मच्छीमारीचं कार्ड हरवलेलं. भाऊजींचं घेऊन गेले. असं करतात सगळेच, कोण बघतंय. म्हणजे तिकडे हे सुनिल.
जुनी वही काढली. माझंच अक्षर — आत्ता जेवून झोपलाय.
रुचिकाने दोनदा वाचलं. "त्या दिवशी तू खोटं बोलली असतीस तर—" वही मिटली.

१६ मार्च
सकाळी तिघं बसलो. रुचिका म्हणाली, खरं काय ते लिहून देऊ. किती दिवस लागतील विचारलं. "दिवस नाही गं. दोन वर्षं, चारसुद्धा. दुसऱ्याच्या कार्डावर सापडलेला माणूस — दोन्हीकडे संशय."
भाऊजी म्हणाले, "मी पोरबंदरला जातो. जाळी विणेन, घरी येणार नाही. तू फेरचौकशीचा अर्ज टाक. वहिनी सांगेल, सुनिल तिकडे सापडलाय."
"काका, मी हे ऐकलं नाही." उठून गेली.
दुपारी बघते तर अर्ज लिहून देव्हाऱ्याजवळ ठेवलेला. नाव सुनिलचं. ती पाठ करून झोपलेली. नुसती पडलेली.
लग्न करून आले त्या वर्षी महालक्ष्मीला बोलले होते, जिभेवर खोटं येऊ देणार नाही. दुसरं द्यायला होतं काय माझ्याकडे.

१८ मार्च
भाऊजी गेले. त्यांची बायको, माझी जाऊ, दाराशी उभी होती. मी जवळ गेले तशी आत निघून गेली.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
तोच हवालदार. सुनिल घरी असतो का? म्हटलं, नाही. माझा दीर. दोन वर्षं होतील, कराचीला आहे. "मागे तर घरी आहे म्हणालात?" म्हटलं, चुकले. सही केली.
आजचा देवीचा दिवा जावेला लावायला सांगितला.