कॅम्परचा मागचा डावा पाय

मी, रमण दत्तात्रय खांबेटे, वय अडुसष्ट, राहणार हेन्डरसन, ऑकलंड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. पुढचं वाचून शंका आलीच तर तो पुन्हा पाहावा. माझा मुलगा क्षितिज याने ऑनलाइन भरून घेतलेलं आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. राहतं घर व बँकेतली शिल्लक क्षितिजला. मराठीत विचारलं की इंग्लिशमध्ये उत्तर देतो, पण माझ्या आजारपणात रोज बॉटनी डाउन्सहून येत होता.

२. माझी सगळी हत्यारं माझ्या हाताखाली इलेक्ट्रिशियन झालेल्या मोहनला. मराठी मंडळातल्या बाळासाहेबांना त्यांतल्या एकालाही हात लावू देऊ नये. माझं ड्रिल नेताना 'स्वीट अ‍ॅज', म्हणजे काळजीच नको, म्हणाले आणि चार वर्षांनी गंजवून आणून दिलं.

३. अंगणातला कॅम्पर, म्हणजे युटच्या, इथल्या पिकअप गाडीच्या, पाठीवर चढवायची खोली, सौ. मेधा जगदीश पेंढारकर यांना. (सौ. लिहिलं गेलं. राहू दे.) जगदीश माझा चाळीस वर्षांपासूनचा मित्र. कॅम्पर आम्ही दोघांनी मिळून घेतला. त्याला चार कोपऱ्यांना चार पाय. हँडल फिरवून खोली उचलायची आणि खालून युट काढायची. जग्याची कंबर धरायला लागली म्हणून मी विजेचे पाय बसवायला घेतले.

४. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तीन पायांना जाड वायर ओढली. मागच्या डाव्यासाठी कमी पडली. न्यू लिनच्या दुकानात जायचा कंटाळा केला आणि ड्रॉवरमधली पातळ वायर जोडली. ज्यावरून पस्तीस वर्षं हाताखालच्या पोरांना शिव्या घातल्या, तेच केलं. त्या रविवारी जग्या त्या कोपऱ्याखाली वाकला होता आणि मी आत चहा टाकत होतो. पातळ वायर तापून वितळली, शेजारच्या वायरीला चिकटली, आणि कुणी बटण न दाबता पाय आत गेला. खोली त्याच्यावर आली. त्याच्या खिशात पायांचा रिमोट सापडला, म्हणून तो खिशातच दाबला गेला असं सगळ्यांनी धरून चाललं. चौकशीवाले येण्याआधी मी जळकी वायर काढून टाकली होती. जग्याच्या नावावर निष्काळजीपणा लागला. निष्काळजी मी होतो.

५. दहाव्याला पिहाच्या किनाऱ्यावर पिंड ठेवले. इथे कुठला आलाय कावळा! सीगल आले, खाऊन गेले, आम्ही चालवून घेतलं. दोन महिन्यांनी मी कॅम्पर दुरुस्त केला. नवी जाड वायर, नव्या मोटरी. तीन पाय चालले, मागचा डावा उभा राहीना. मीटर बारा व्होल्ट पूर्ण दाखवत होता. तिथली मोटर काढून पुढच्या पायाला लावली, लगेच फिरली. पुढची मागे लावली, गप्प. अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू? मग कावळा शिवत नसला की बोलतात तसं बोललो. जग्या, वहिनींना काही कमी पडू देणार नाही. ढिम्म. तुझ्या ऋचाच्या लग्नात बापाच्या जागी उभा राहीन. ढिम्म. शेवटी तोंडातून निघालं, चूक माझी होती, मी वहिनींना सांगेन. पाय उभा राहिला. बटणाला माझा हात लागला नव्हता.

६. सांगितलं नाही. धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी पाय आत गेलेला होता, तो तीन वर्षं तसाच आहे. खोली त्या कोपऱ्याकडे कलत चालली आहे. रोज सकाळी लेव्हल लावून बघतो. आपण मेल्यावर हे कुणीतरी वहिनींना वाचून दाखवील, असा माझा भेकड बेत होता.

७. सहीआधी वाढवलेलं कलम. साक्षीदार यायचे होते तेवढ्यात मेधावहिनी डिंकाचे लाडू घेऊन आल्या. कागद टेबलावरच होता. त्यांनी उभ्या उभ्या सगळा वाचला.

"भावजी," त्या म्हणाल्या, "हे त्या दिवशी मला सांगूनच निघाले होते. रमणने मागे पातळ वायर लावलीय, बोललो तर फुगून बसेल, गुपचूप बदलून येतो म्हणाले."

"माहीत होतं, मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलायची वाट बघत होते. दहाव्याहून परतताना तुमच्या अंगणात आले, त्या पायाला हात लावला आणि ह्यांना म्हटलं, भावजी खरं बोलत नाहीत तोवर ह्याला उभा राहू देऊ नका."

मी रडलो. माफी मागितली. "माफीचं नंतर बघू," म्हणाल्या आणि बाहेर गेल्या. कॅम्परची बॅटरी आठवडाभर माझ्या स्वयंपाकघरात चार्जिंगला आहे. तरी मला मोटर ऐकू आली. खिडकीतून पाहिलं, तर खोली हळूहळू सरळ होत होती आणि वहिनी मान हलवत कुणाचं तरी बोलणं ऐकत होत्या. आत येऊन खुर्चीवर बसल्या.

"ते म्हणतात, आता चौकशीवाल्यांनाही सांगा."

तेवढ्यात साक्षीदारही आले. मी सगळ्यांसमोर फोन लावला, सगळं सांगितलं, आता सही करतो.

सही: रमण दत्तात्रय खांबेटे

आम्ही दोघांनी एकाच वेळी हजर राहून वरील सही पाहिली. फोनवरचं बोलणंही ऐकलं.
साक्षीदार: १. सलोनी कुलथे २. अभिषेक कुलथे, दोघेही शेजारी

हेन्डरसन, ऑकलंड
११ नोव्हेंबर २०२५